कोळशाच्या जकातीचा खांब: रंगवा जरूर, पण जागचा हलवू नका

तुमचा प्रश्न वाचला. लंडनच्या दक्षिण टोकाला कोल्सडनमध्ये राहायला आल्यापासून रविवारी मुलाला घेऊन डाउन्सकडे, म्हणजे तिथल्या गवताळ टेकड्यांकडे फिरायला जाता, तिथे एका अरुंद रस्त्याच्या कडेला कमरेच्या जरा वर येईल एवढा पांढरा लोखंडी खांब आहे, त्यावर ढाल, ढालीत क्रॉस आणि तलवार, आणि "२४ अँड २५ व्हिक्ट कॅप ४२" असं काहीतरी. मुलगा विचारतो हे काय, शेजारचे म्हणतात मैलाचा खांब असेल, कोणी म्हणतं राणी व्हिक्टोरियाची आठवण. आणि आता तुमच्या गल्लीतली मंडळी वर्गणी काढून तो रंगवणार आहेत, आणि गवत कापायच्या मशीनला अडतो म्हणून रंगवताना दहा पावलं आत सरकवायचा विचार आहे. तर हे आहे काय, रंगवावा का, सरकवावा का.

रंगवा. नीट रंगवा. सरकवू मात्र नका, एक फूटसुद्धा नको. का ते सांगायला वेळ लागेल, कारण त्या खांबाची सगळी किंमत तो उभा आहे त्या जागेत आहे आणि हे पटल्याशिवाय "कायदा आहे म्हणून हलवू नका" एवढंच सांगून उपयोग नाही.

मी इंग्लंडमध्ये जुन्या ओतीव लोखंडाच्या दुरुस्तीचं काम करतो, सव्वीस वर्षं झाली. ओतीव लोखंड म्हणजे आपलं बीड, बिडाचा तवा म्हणतो ना तेच. मूळचा कोल्हापूरचा, वडील शिरोलीला फाउंड्रीत मोल्डर होते, त्यामुळे साचा, कोअर, रस ओतणं हे शब्द शाळेच्या आधी कानावर पडलेले. इथे रेलिंग, दिव्याचे खांब, टपालाच्या लाल पेट्या असं सगळं करतो, पण तुम्ही म्हणता त्या जातीचे तीसेक खांब माझ्या हातून गेलेत आणि मला त्यांची माया आहे.

त्याला इंग्रजीत कोल पोस्ट म्हणतात, कोल टॅक्स पोस्ट पण म्हणतात. कोळशाच्या जकातीच्या हद्दीचा खांब. लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावर सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनला, म्हणजे मधल्या जुन्या शहराच्या महापालिकेला (तिलाच पुढे नुसतं सिटी म्हणतो) कर घ्यायचा हक्क होता आणि तो कर कुठून पुढे लागू हे दाखवायला लंडनभोवती असे साधारण २८० खांब उभे केले होते, त्यातले दोनशेहून जास्त आजही आहेत. रस्त्याला, पाऊलवाटेला, कालव्याला, रेल्वेला, पुलाच्या कठड्यात. तुमचा त्यातला एक.

आता त्यावरची अक्षरं. तुम्ही "कोरलंय" लिहिलंय, ते कोरलेलं नाही, ओतलेलं आहे. बोट फिरवून बघा, अक्षरं बाहेर उठलेली लागतील, म्हणजे लाकडी पॅटर्नवरच अक्षरं होती आणि ती वाळूत दाबली गेली आणि रस गेल्यावर खांबाबरोबरच जन्माला आली. २४ अँड २५ व्हिक्ट म्हणजे राणीच्या कारकिर्दीच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या वर्षात भरलेलं पार्लमेंटचं अधिवेशन, कॅप ४२ म्हणजे त्या अधिवेशनातला ४२ वा कायदा. व्हिक्टोरिया २० जून १८३७ ला गादीवर आली, तिथून मोजलं की पंचविसावं वर्ष लागतं २० जून १८६१ ला, आणि अधिवेशन त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं म्हणून दोन आकडे. तर हा १८६१ चा लंडनच्या कोळसा आणि वाइनवरच्या कराचा कायदा. हो, वाइनवरही होता, पण खांब कोळशाचे. मुलाला सांगा की हा खांब म्हणजे कायद्याचा नंबर आहे, बाकी काही लिहायची त्यांना गरजच वाटली नाही. काही खांबांवर १४ अँड १५ व्हिक्ट आणि १४६ असा आकडा सापडतो, तो दहा वर्षं आधीच्या, १८५१ च्या कायद्याचा, असा दिसला तर तो जास्त जुना.

ढाल सिटी ऑफ लंडनची. लाल क्रॉस सेंट जॉर्जचा आणि डावीकडे वरच्या चौकटीत छोटी तलवार. ती तलवार १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात वॉट टायलरला मारणाऱ्या लॉर्ड मेयरची कट्यार आहे अशी दंतकथा इथले लोक आजही सांगतात, पण ती सेंट पॉलची तलवार आहे, तो शहराचा पालक संत, आणि ती खूण त्या उठावाच्या आधीची आहे. आता कोल्सडन कुठे आणि जुनी सिटी कुठे, मध्ये वीसेक किलोमीटर अंतर, मग सिटीची ढाल इथल्या झुडपात कशी आली? तिथेच खरी गोष्ट आहे.

लंडन कोळशावर जगलेलं शहर आहे. न्यूकॅसलकडून जहाजांनी कोळसा यायचा, म्हणून त्याला समुद्री कोळसाच म्हणायचे. थेम्सवर उतरणारा कोळसा मोजून द्यायचा हक्क सिटीकडे मध्ययुगापासून होता. आपल्याकडे मार्केट यार्डात मापाडी असतो ना, तसे सिटीचे मापाडी, आणि मापाईचे पैसे सिटीला. १६६६ च्या आगीत तेरा हजारांवर घरं आणि ८७ चर्च जळाली, शहर उभं करायला पैसा कुठून आणायचा, तर कोळशावर कर बसवला, आधी मापामागे १ शिलिंग, मग १६७० मध्ये वाढवून ३ शिलिंग. वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनची ५१ चर्च आणि सेंट पॉल कॅथेड्रल हे त्या पैशातून उभं राहिलं. म्हणजे सेंट पॉलचा तो घुमट बघताना त्याच्यामागे लंडनच्या प्रत्येक चुलीतला कोळसा आहे हे मी आलेल्या पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

पुढे १६९४ मध्ये आणखी एक कारण आलं. मेलेल्या नागरिकांच्या पोरक्या मुलांचे पैसे सांभाळायचं काम सिटीकडे होतं आणि सिटीने ते पैसे खर्चून टाकले होते, परत द्यायला काही उरलं नाही. मग पार्लमेंटने कायदा करून ऑर्फन्स फंड काढला आणि तो भरायला पुन्हा कोळसा. मुलांचं देणं यथावकाश फिटलं पण कर चालूच राहिला, मुदत संपत आली की नवा कायदा, नवं कारण, पूल, रस्ते, पोचरस्ते, असं दीडशे वर्षं.

तोपर्यंत कोळसा मोजायचा मापाने, वजनाने नाही. आणि इथे एक गंमतीची गोष्ट आहे, कोळशाचे मोठे ढेकूळ फोडले की तोच कोळसा जास्त मापं भरतो, मधे हवा जाते ना. त्यामुळे खाणीपासून घरापर्यंत वाटेत प्रत्येक जण तो फोडत जायचा. १८३१ च्या कायद्याने माप गेलं आणि वजन आलं, टनावर कर.

जोपर्यंत कोळसा फक्त समुद्रातून येत होता तोपर्यंत खांबाची गरजच नव्हती, नदी हाच नाका. गडबड झाली ती कालव्याने. १८०५ मध्ये ग्रँड जंक्शन कालवा पूर्ण झाला आणि मिडलँड्सचा कोळसा बोटीने थेट लंडनला यायला लागला, मग वॉटफर्डजवळच्या ग्रोव्ह पार्कपाशी हद्द ठरवून तिथे कर घ्यायची सोय केली. त्याच्यामागून रेल्वे आली आणि मग तर सगळ्या दिशांनी कोळसा. १८४५ च्या कायद्याने सरळ वर्तुळच आखलं, जनरल पोस्ट ऑफिसपासून २० मैल. २० मैल म्हणजे ३२ किलोमीटर, त्यात लंडनशी फारसा संबंध नसलेली कितीतरी गावं आली आणि तिथल्या लोकांनी लंडनच्या सुधारणांसाठी महाग कोळसा का घ्यायचा हा प्रश्न रास्तच होता.

१८६१ ला हद्द आत घेतली आणि ती मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या हद्दीला जोडली. पोलिसांची हद्द गावांच्या म्हणजे पॅरिशच्या शिवेवरून जाते. त्यामुळे तुमच्या खांबांची रेषा नकाशावर काढली तर गोल येत नाही, नागमोडी येते, मधेच बाहेर जाते, मधेच आत घुसते, एखाद्या शेताचा कोपरा घेऊन वळते. जिथे रस्ता शीव ओलांडतो तिथे खांब. तुमच्या खांबाच्या शेजारी जुनं कुंपण, एखादी चर किंवा झाडांची रांग दिसते का बघा, बऱ्याचदा दिसते, ती जुन्या गावाची शीव असते आणि ती खांबापेक्षा कितीतरी शतकं जुनी.

आणि त्यांनी एकही वाट सोडली नाही. जिथून कोळशाची गाडी कधी जाणार नाही अशा माळावरच्या पायवाटांवरही खांब ठोकलेत. मला सुरुवातीला ते कळायचं नाही. मग कायदा समजला तेव्हा लक्षात आलं.

आपण मराठी माणसं जकात म्हटलं की डोळ्यांसमोर नाका आणतो. मुलुंड, दहिसर, ट्रकची रांग, पावती फाडणारा माणूस, आडवा बांबू. तुमच्या मुलालाही कोणीतरी तेच सांगेल की इथे शिपाई उभा राहायचा आणि गाड्या थांबवायचा. तसं नव्हतं. या खांबापाशी पैसे घ्यायला कोणी बसत नव्हतं. कोळसा मुख्यतः रेल्वेने यायचा, रेल्वे कंपन्या किती टन हद्दीच्या आत आणला त्याचा हिशोब द्यायच्या आणि त्यावर कर भरायच्या, कालव्यावर आणि नदीवर वेगळी व्यवस्था, रस्त्याने बैलगाडी-घोडागाडीतून येणारा कोळसा अगदी किरकोळ. मग रस्त्यावर दोनशेवर खांब कशाला? तर कोणी "मला माहीतच नव्हतं हद्द कुठे आहे" असं म्हणू नये म्हणून. कायद्याने सिटीला हद्दीवर खुणा उभ्या करायचा अधिकार दिला होता आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला. पोस्टरवर लावायची नोटीस त्यांनी बिडात ओतून गाडली, एवढं साधं आहे ते. या बाजूला उभे आहात तर कर नाही, त्या बाजूला पाऊल टाकलंत तर कर लागू.

मुंबईची तुलना करायचीच तर नाक्याशी नको, माहुलच्या रिफायनरीशी करा. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, तोपर्यंत महापालिकेच्या जकातीत कच्च्या तेलाचा वाटा मोठा होता, आणि ते तेल काही मुलुंडच्या नाक्यावरून ट्रकने येत नव्हतं. इंधनाचं असंच असतं, मोठा माल मोठ्या दारातून येतो आणि हिशोबाच्या वहीवर कर भरला जातो, रस्त्यावरचा नाका किंवा खांब हद्द दाखवतो.

कर किती होता तर टनाला १ शिलिंग १ पेनी, म्हणजे १३ पेन्स. त्यातले ४ सिटीचे, ९ मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सकडे, म्हणजे सगळ्या लंडनची गटारं-रस्ते बघणाऱ्या मंडळाकडे जायचे. या ९ पेन्समधून काय झालं ते ऐका. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी घाण सुटली होती की पार्लमेंटला बसवेना, मग जोसेफ बॅझलगेटने शहरभर गटारं बांधली आणि नदीकाठाला बांध घातला, त्या बांधाच्या पोटात गटार आणि भुयारी रेल्वे, वर रस्ता. तो व्हिक्टोरिया एम्बँकमेंट, १८७० मध्ये खुला झाला. त्याचा मोठा खर्च कोळशाच्या या करातून निघाला. सिटीच्या ४ पेन्समधून होबर्न व्हायाडक्ट हा रस्त्याचा पूल झाला, १८६९ ला राणीने उद्घाटन केलं. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की याच कराची मुदत वाढवून त्यातून क्यू, किंग्स्टन, हॅम्प्टन कोर्ट, वॉल्टन, स्टेन्स या पुलांवरचा टोल विकत घेऊन बंद केला. क्यूचा पूल १८७३ ला मोफत झाला. बाहेरच्या गावांनी कोळशाचा कर भरला तर त्यांच्या पदरात निदान टोलमुक्त पूल पडले.

पण कर गरिबाला जड होता हेही खरं. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या टनाला सारखेच १३ पेन्स, आणि थंडीत कोळसा न जाळून चालत नाही. कारखाने आणि गॅस कंपन्याही ओरडत होत्या कारण तेव्हाचा गॅस कोळशापासूनच व्हायचा. शेवटी १८८९ च्या कायद्याने कर बंद झाला, त्याच वर्षी बोर्ड ऑफ वर्क्स जाऊन लंडन काउंटी कौन्सिल आलं. म्हणजे तुमचा खांब कामावर होता जेमतेम अठ्ठावीस वर्षं, आणि बिनकामाचा उभा आहे सव्वाशे वर्षांच्या वर.

खांबांचे पाच प्रकार आहेत, लांबण लावत नाही. तुमचा सगळ्यात जास्त आढळणारा, चौकोनी, डोक्यावर पिरॅमिडसारखी टोपी, जमिनीवर साधारण चार फूट. कालव्याकाठी ग्रॅनाइटचे बुटके दगड आहेत, पुलांच्या कठड्यात लोखंडी पाट्या बसवल्यात, आणि रेल्वेच्या कडेला पंधरा फुटी सुळके, काही दगडी काही बिडाचे, गाडीतून दिसावेत म्हणून एवढे उंच. लिव्हरपूल स्ट्रीटहून उत्तरेला जाणाऱ्या लाइनवर वॉर्मलीजवळ एक आहे, कधी गेलात तर मुलाला खिडकीशी बसवा.

बिडाचे खांब रीजंट्स कॅनॉल आयर्नवर्क्समध्ये हेन्री ग्रिसेलच्या कारखान्यात ओतले गेले, बऱ्याच खांबांवर त्याचं नाव आहे. काम बघा त्याचं. मी यातले काही खांब उघडे केलेत, शंभरावर वर्षांचा रंग उतरवून, आणि आतली कातडी, म्हणजे वाळूच्या साच्याला लागून थंड होताना बिडाला जी घट्ट पापुद्र्यासारखी त्वचा येते ती, कालच ओतल्यासारखी निळसर करडी. वडील असते तर ते त्याच्यावर हात फिरवत उभे राहिले असते.

आता तुमच्या कामाकडे येतो.

पहिलं, हे खांब बहुतेक ग्रेड दोनचे संरक्षित वास्तू म्हणून नोंदलेले आहेत. नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड ऑनलाइन फुकट बघता येते, नकाशावर तुमची जागा शोधा. नोंद असो वा नसो, ब्रश हातात घ्यायच्या आधी कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला एक मेल टाका, आहे त्याच रंगात रंगवण्याला सहसा कोणी अडवत नाही उलट खूश होतात, पण हलवणं, काढणं, रंगसंगती बदलणं याला परवानगी लागते आणि न घेता केलं तर नोंदलेल्या खांबाच्या बाबतीत तो गुन्हा होतो. ज्या गावच्या मंडळींनी चांगल्या भावनेने वर्गणी काढलीय त्यांना नोटीस आली तर वाईट वाटेल.

दुसरं, तो आता आहे तिथेच मुळात होता का हे बघा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याच्या जुन्या नकाशांवर हे खांब दाखवलेले असतात, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर ते नकाशे आजच्या सॅटेलाइट चित्रावर ठेवून बघता येतात, तासाभराचं काम आहे, मुलाला बरोबर घ्या. काही खांब रस्ता रुंद करताना हलवले गेलेत. मला एका ठिकाणी बोलावलं होतं, नाव सांगत नाही, रस्त्याच्या कामात ठेकेदाराने खांब काढून ठेवला आणि काम झाल्यावर जिथे दिसायला बरा दिसेल तिथे, मूळ जागेपासून सत्तरेक मीटरवर एका फलकाशेजारी, फुलांच्या वाफ्यात लावला. रंग सुंदर, खांब धडधाकट. पण त्याच्या डावीकडेही कर लागू आणि उजवीकडेही कर लागू, तो कशाचीच हद्द सांगत नव्हता. आम्ही नकाशा काढून, शिवेची चर शोधून तो परत नेला तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या बाई म्हणाल्या की आमचे वडील सांगायचे खांबाच्या पलीकडे दुसरं गाव लागतं, आणि खांब गेल्यापासून ते कुठे ते मला दाखवता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी दहा पावलांनाही नाही म्हणतो.

गवताच्या मशीनचा प्रश्न खरा आहे, पण उपाय सोपा आहे. खांबाभोवती फूटभर गवत काढून बारीक खडी टाका, मशीन जवळ जायची गरजच राहणार नाही. सिमेंट काँक्रीटचा कट्टा कृपा करून करू नका, काँक्रीट आणि लोखंडाच्या मधल्या फटीत पाणी साठतं आणि खांब तिथूनच खातो. एक गोष्ट आठवली, मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले मैलाचे जुने दगड रस्ते वर वर येत गेल्याने जमिनीत गेले होते, तेच इथेही होतं, डांबराचा थर चढत जातो, पानं कुजून माती चढते. चार फुटांचा खांब तीन फुटांचा दिसत असेल तर समजा एक फूट गाडला गेलाय. ती माती हाताने, छोट्या लाकडी पट्टीने काढा, फावडं नको.

माती काढल्यावर तिथल्या लोखंडाकडे नीट बघा. ओल्या जमिनीत बीड एका विचित्र पद्धतीने मरतं, त्यातलं लोखंड विरघळून जातं आणि ग्रॅफाइट मागे राहतं, आकार तसाच, अक्षरं तशीच, दिसायला काही झालेलं नाही, पण सुरीच्या टोकाने हलकं खरवडलं तर पेन्सिलीसारखं मऊ काळं निघतं. तसं निघालं तर थांबा आणि जाणकाराला बोलवा, नाहीतर घासता घासता अक्षरच हातात येईल. तसं नसेल तर बोटाच्या पेराने खांबावर टकटक करा. धड बीड किणकिणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. वडिलांनी शिकवलेली ही परीक्षा मी आजही कुठल्याही मशीनच्या आधी करतो.

तडा असेल तर गावातल्या वेल्डरला सांगू नका. बीड साध्या वेल्डिंगला दाद देत नाही, एकाच जागी तापलं की शेजारी नवा तडा जातो. एका खांबाला ट्रकची धडक बसून दोन तुकडे झाले होते, कोणीतरी मायेने वेल्ड मारलं, पुढच्या हिवाळ्यात वेल्डच्या दोन बोटं वर पुन्हा तुटला, आधीपेक्षा वाईट. शेवटी आम्ही थंड टाके घातले, म्हणजे तड्याला आडवी भोकं पाडून त्यात धातूच्या किल्ल्या ठोकायच्या, उष्णता अजिबात नाही. तो आजही उभा आहे.

रंग काढण्याबद्दल. जुन्या थरांत शिसं असणार असंच धरून चाला. कोरडा घासू नका, ग्राइंडरला वायर ब्रश लावून तर मुळीच नको, ती धूळ मुलांच्या छातीत जाते. पाण्याचा वापर करून ओला घासा, खाली ताडपत्री, निघालेलं सगळं गोळा करून कौन्सिलच्या घातक कचऱ्यात. लहान मुलांना या टप्प्यात लांब ठेवा, शेवटच्या रंगाला बोलवा. सँडब्लास्टिंगची कोणी ऑफर देईल, नको म्हणा, वर सांगितलेली ती मूळ त्वचा त्यात जाते आणि बीड उघडं पडतं. जिथे रंग घट्ट धरलाय तिथे तो राहू द्या, फक्त कडा घासून उतरत्या करा. सगळं लख्ख करायची गरज नाही.

मग झिंक फॉस्फेटचा प्रायमर, दोन हात, अक्षरांच्या कडांना आणि ढालीच्या कोपऱ्यांना आधी बारीक ब्रशने वेगळा एक हात, कारण उठलेल्या कडांवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच डोकं काढतो. त्यावर अंडरकोट आणि पांढरा ग्लॉस. ढालीवरचा क्रॉस आणि तलवार लाल. अक्षरं काळी करावीत का यावर मतं वेगवेगळी आहेत, शेजारच्या गावचे खांब बघून ठरवा. रंग जाड थापू नका, माझ्या हातात असे खांब आलेत की ४२ चा ४ आणि २ एकमेकांना चिकटून एक ढेप झालेली.

टोपी विसरू नका. पिरॅमिडवर पाणी थांबत नाही पण टोपीच्या खालच्या कडेला थेंब लटकून राहतात, ती कड उभ्याने दिसत नाही, गुडघ्यावर बसून वर बघावं लागतं. आरसा असेल तर उत्तम.

हवामान इथे सगळ्यात जास्त फसवतं. लोखंड हवेपेक्षा थंड असतं, सकाळी त्यावर दव असतं जरी तुम्हाला हवा कोरडी वाटली तरी. मे ते सप्टेंबरमध्ये करा, सकाळी अकराच्या आत ब्रश लावू नका आणि दुपारी चारनंतर थांबा. खांबाला पालथा हात लावून बघा, ओलसर गार लागला तर त्या दिवशी चहा पिऊन घरी जा.

आणि कधी एम्बँकमेंटला गेलात तर टेंपल स्टेशनच्या पश्चिमेला नाही, पूर्वेला, सिटीच्या हद्दीवर, दोन चंदेरी ड्रॅगन बसलेत, पंजात तुमच्या खांबावरचीच ढाल. ते लोअर थेम्स स्ट्रीटवरच्या कोल एक्स्चेंजच्या, म्हणजे कोळशाच्या बाजाराच्या दारावरचे. १८४९ मध्ये प्रिन्स अल्बर्टने उघडलेली ती देखणी बिडाची इमारत, बिडाचा असा घुमट तेव्हा जगात क्वचित होता, रस्ता रुंद करायचा म्हणून १९६२ मध्ये लोकांचा विरोध असताना पाडली. ड्रॅगन तेवढे वाचले. ते ज्या बांधावर बसलेत तो बांध कोळशाच्या पैशाचा.

काम सुरू करायच्या आधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, एक जमिनीलगतचा, मोजपट्टी शेजारी धरून. टकटक केल्यावर बद्द आवाज आला किंवा माती काढल्यावर काळं मऊ काही दिसलं तर ते फोटो मला दाखवा, मग पुढे काय ते ठरवू. बाकी ठीक असेल तर चार जणांचे दोन वीकेंड पुरतील.